‘ध्यासपर्व’ आणि बुढापाऱ्यातलं ‘ऑपरेशन’

रायपूरच्या आमच्या बुढापारा मोहल्ल्यात एखादीचं ‘ऑपरेशन झालं’ म्हटलं की कसलं, असं कोणी विचारत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणानंतर बाईनं नसबंदी करून घ्यायची, हे ठरलेलंच. पुरुषही ती करून घेऊ शकतो, किंबहुना त्याची सोपी असते, हे आमच्या घरात पहिल्यांदा बोललं गेलं ते अमोल पालेकरांचा ‘ध्यासपर्व’ पाहताना. हा सिनेमा ज्यांच्यावर आहे, त्या संततिनियमनाचे प्रचारक र. धों. कर्वे यांनी मूल नको असं ठरवून स्वतः शस्त्रक्रिया करून घेतली होती, हे कळल्यावर आई बराच वेळ गप्प होती. मग एवढंच म्हणाली, “मला कुणी विचारलं नव्हतं.”

सिनेमा २००१ सालचा. त्याच्या थोडं आधी, १ नोव्हेंबर २००० ला, आमचं छत्तीसगड वेगळं झालं होतं आणि रायपूर नवी राजधानी म्हणून उभं राहत होतं. किशोर कदम यांनी केलेले रघुनाथराव कर्वे आणि सीमा बिस्वास यांनी केलेल्या त्यांच्या पत्नी मालतीबाई आजही डोळ्यांपुढून हलत नाहीत. कुटुंबकल्याणाच्या विषयावरचा राष्ट्रीय पुरस्कार या चित्रपटाला मिळाला. अमेरिकेतले लैंगिक वर्तनाचे संशोधक आल्फ्रेड किन्से यांच्यावरचा हॉलिवूडचा ‘किन्से’ आला तो त्यानंतर तीन वर्षांनी, २००४ साली. किन्से मुळात गांधीलमाश्यांच्या जातीतल्या कीटकांचे अभ्यासक, कर्वे गणिताचे प्राध्यापक. मोजून, तपासून मगच बोलायचं, ही सवय दोघांनी माणसाच्या सर्वांत झाकलेल्या विषयात नेली.

कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं ते १९२१ साली. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचा दवाखानाही त्याच वर्षीचा. ते शिकवत होते त्या विल्सन कॉलेजला हे काम रुचलं नाही. १९२५ मध्ये नोकरी सुटली. ज्या धोंडो केशव कर्व्यांनी विधवेशी लग्न करून समाजाचा रोष सोसला, त्यांच्या या मुलाच्या वाट्याला वडिलांहून कडू एकटेपण आलं. स्त्रीनं शिकावं, हे लोक हळूहळू मानू लागले होते. तिलाही कामेच्छा असते आणि मूल हवं की नको हे तिनं ठरवावं, हे ऐकण्याची तयारी नव्हती.

जुलै १९२७ मध्ये कर्व्यांचं ‘समाजस्वास्थ्य’ मासिक निघालं. त्याच्या वर्षभर आधी, एप्रिल १९२६ मध्ये, माधवराव सप्रे रायपुरात वारले. ‘छत्तीसगढ मित्र’ काढणारे, टिळकांचं ‘गीतारहस्य’ हिंदीत नेणारे सप्रे हे आम्हा इथल्या मराठी लोकांचं भूषण. बुढापाऱ्यातली शाळा त्यांच्याच नावाची. आमचं रायपूर तेव्हा मध्य प्रांतात, राजधानी नागपूर. मराठी पुस्तकं आणि मासिकं त्याच वाटेनं घरात यायची. पण गीतारहस्य बैठकीत ठेवता येत होतं, तसं ‘समाजस्वास्थ्य’ कोण ठेवणार? मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचं चित्र, आत गुप्तरोग, हस्तमैथुन, समलिंगी संबंध यांवरच्या प्रश्नांना सरळ उत्तरं. ही उत्तरंच १९३४ च्या खटल्यात अश्लील ठरली. कर्व्यांच्या बाजूनं उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लोकांना लैंगिक शंका असतात, त्या ते विचारतात, तर जाणकारानं उत्तर देणं हा गुन्हा कसा, हा त्यांचा मुद्दा. खटला कर्वे हरले, दोनशे रुपये दंड झाला, मासिक चालू राहिलं. कर्व्यांवरच्या खटल्यांवर अजित दळवींचं ‘समाजस्वास्थ्य’ हे नाटक अतुल पेठे यांनी २०१७ मध्ये रंगभूमीवर आणलं.

या सगळ्या काळात संसार तोलला तो मालतीबाईंनी. सिनेमाची खरी ताकद मला तिथे दिसते. ध्यास कर्व्यांचा, पण त्याची झळ दोघांनी सोसलेली.

१९५२ मध्ये भारत सरकारनं कुटुंबनियोजन कार्यक्रम हाती घेतला. राष्ट्रीय पातळीवर असं करणारा हा जगातला पहिला देश. वर्षभरानं, १४ ऑक्टोबर १९५३ ला कर्वे गेले. ते जिंकले, असं वाटावं असा तो क्षण. पण सरकारनं त्यांच्याकडून साधनं घेतली आणि संमती मागे ठेवली. १९७६ मध्ये, आणीबाणीत, पुरुषांना धरून धरून नसबंद्या झाल्या. त्या रागानंतर सगळा भार बायकांवर ढकलला गेला. आणि मग आमच्याच राज्यात, ८ नोव्हेंबर २०१४ रोजी, बिलासपूरजवळच्या शिबिरात काही तासांत ८३ बायकांवर शस्त्रक्रिया उरकल्या गेल्या. तेरा जणी दगावल्या. बहुतेक गरीब घरच्या, तरण्या, लेकुरवाळ्या. सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करायला सांगितलं.

त्या बातम्या वाचताना मला ‘ध्यासपर्व’ पुन्हा आठवला. कर्वे म्हणजे ‘मुलं कमी होऊ द्या’ सांगणारा माणूस, एवढंच आपण लक्षात ठेवलं. त्यांचं मूळ म्हणणं होतं की बाईचं शरीर तिचं आहे, आणि त्याबद्दलचं ज्ञान तिला लाज न बाळगता मिळालं पाहिजे. मुलं कमी होऊ देण्याचा अर्धा भाग सरकारनं उचलला. हा दुसरा अर्धा शंभर वर्षं उलटली तरी आपल्या घरांच्या उंबऱ्याबाहेर उभा आहे.

मागच्या उन्हाळ्यात भाचीचं लग्न ठरलं. मी तिला आणि होणाऱ्या जावईबापूंना घरी बोलावलं, आईलाही बसवलं आणि ‘ध्यासपर्व’ लावला. संपल्यावर भाची त्याच्याकडे वळून म्हणाली, “आपण आधी बोलू, मग ठरवू.” तो हो म्हणाला. आईनं दोघांच्या हातावर साखर ठेवली.