धोनी ४ कोटींत कसा?

धाराशिवच्या चहाच्या टपरीवर क्रिकेटचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. २०२२मध्ये १२ कोटी घेणारा धोनी २०२५च्या हंगामात ४ कोटींवर कसा आला?

याचं उत्तर वेतनमर्यादेत आहे. त्या हंगामासाठी आयपीएलच्या प्रत्येक संघाला खर्चाची मर्यादा होती १२० कोटी. सोयाबीनच्या पट्टीच्या पैशांसारखंच हे: एकीकडे सैल सोडलं की दुसरीकडे हात आखडता. धोनीच्या चेन्नई संघाने कायम ठेवलेल्या ऋतुराज आणि जडेजाला प्रत्येकी १८, पथिरानाला १३, दुबेला १२ कोटी दिले. लिलावाआधीच ६१ कोटी गेले. धोनीला पाचवा आंतरराष्ट्रीय खेळाडू म्हणून ठेवलं असतं, तर आणखी १४ कोटी कापले गेले असते.

पण त्या हंगामाच्या नियमानुसार पाच वर्षं आंतरराष्ट्रीय सामना न खेळलेला भारतीय ‘अनकॅप्ड’, म्हणजे देशाकडून न खेळलेल्यासारखा, धरला जात होता; त्याचे फक्त ४ कोटी. धोनीचा शेवटचा सामना जुलै २०१९चा. वाचले १० कोटी!

मग वय झालेल्या धोनीला ठेवलंच कशाला? वय वाढलं की स्नायूंतले चपळ तंतू आधी झिजतात. अनुभव आणि गर्दी खेचण्याची ताकद मात्र टिकते.

फुटबॉलमध्ये मेस्सीला अशी वाट सापडली नाही. २०२१मध्ये ३४ व्या वर्षी निम्म्या पगाराला तयार असूनही, स्पॅनिश लीगच्या मर्यादेपायी त्याला बार्सिलोना सोडावं लागलं.