सत्तर पानांचा पुडा आणि आठ बिटांचे यंत्र

तेंदूच्या एका पुड्यात सत्तर पाने. अशा १००० पुड्यांची एक प्रमाण गोणी. गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात मे महिन्याच्या उन्हात फळीवर हा हिशेब तोंडीच चालतो, कागद लागलाच तर मुन्शीला. आता हाच हिशेब आठ बिटांच्या प्रोसेसरला सांगून पाहा. तीन पुड्यांपर्यंत तो बिनचूक चालतो: ७०, १४०, २१०. चौथा पुडा टाकला की उत्तर येते २४.

यंत्र बिघडलेले नाही. आठ बिटांत २५५च्या पुढचा आकडा मावतच नाही. २८० मधले २५६ बाहेर पडतात, २४ उरतात, आणि काहीतरी सांडले एवढे सांगायला कॅरी फ्लॅग १ होतो. त्या फ्लॅगकडे पाहायचे की नाही, हे लिहिणाऱ्याने ठरवायचे. पायथॉनमध्ये हा प्रश्न कधी पडत नाही, कारण तो आपल्या नकळत दुसऱ्या कुणीतरी सोडवलेला असतो. असेंब्लीत, म्हणजे थेट प्रोसेसरच्या आज्ञांत लिहिताना, तसे कुणी नसते.

आलेख काढणाऱ्या कॅल्क्युलेटरवर असेंब्ली शिकण्याची गंमत याच उघडेपणात आहे. धानोऱ्याच्या दुकानात असे यंत्र मिळणार नाही. आपल्याकडे बारावीचा पेपर आजही लॉग टेबल घेऊन सोडवला जातो. आयबी अभ्यासक्रमाच्या मुंबई-पुण्यातील शाळांत मात्र हे यंत्र दप्तरात असावेच लागते. पहिला ग्राफिंग कॅल्क्युलेटर कॅसिओने १९८५ मध्ये काढला. अमेरिकी शाळांत पुढे टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची यंत्रे रुजली: १९९९ची टीआय-८३ प्लस, २००४ची टीआय-८४ प्लस. पडदा ९६ बाय ६४ ठिपक्यांचा. आत झेड-८० प्रोसेसर.

या प्रोसेसरची वंशावळ कॅल्क्युलेटरपासूनच सुरू होते. बिझीकॉम या जपानी कंपनीला कॅल्क्युलेटरसाठी चिप हव्या होत्या. त्या मागणीतून १९७१ मध्ये इंटेलचा ४००४ आला. त्यावर काम केलेले फेडेरिको फॅगिन आणि बिझीकॉमचे मासातोशी शिमा पुढे इंटेलच्या ८०८० वर आणि तिथून झिलॉगमध्ये गेले. १९७६ मध्ये झेड-८० बाजारात आला. त्याच वर्षी इंटेलने ८०८०चा दुसरा वारस आणला, ८०८५.

८०८५ हा आकडा वाचून महाराष्ट्रातले अनेक वाचक थबकतील. बारावी विज्ञानच्या बायफोकल संगणकशास्त्रात वर्षानुवर्षे हा प्रोसेसर शिकवला गेला. पॉलिटेक्निकच्या मुलांनी तो हेक्स कीपॅडच्या किटवर बोटे झिजवून केला. त्याचे देशभर चाललेले पाठ्यपुस्तकही आपल्यातल्याच वाटणाऱ्या आडनावाचे: रमेश गावकर. ते न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूजला शिकवत आणि त्यांनी ८०८५ इतकेच सविस्तर पुस्तक झेड-८० वरही लिहिले. हे दुसरे पुस्तक आपल्याकडे फारसे कुणी उघडले नाही. परीक्षेत नव्हते ना!

८०८५ आणि झेड-८० यांच्या भाषा वेगळ्या आहेत असा समज त्यामुळे टिकला. झिलॉगने इंटेलचे शब्द घेतले नाहीत, म्हणून इंटेलचे ‘एमव्हीआय’, ‘एलएक्सआय’ आणि ‘डॅड’ यांच्या जागी झेड-८० मध्ये ‘एलडी’ आणि ‘अ‍ॅड’ दिसतात. पण प्रोसेसर शब्द वाचत नाही, तो बाइट वाचतो. आणि ८०८०कडून आलेले बाइट दोघांत जवळपास जसेच्या तसे आहेत. अपवाद आहेत: ८०८५चे ‘रिम’ आणि ‘सिम’ ज्या २० आणि ३० या कोडवर बसतात, तिथे झेड-८० उडी मारतो.

आता आपले चार पुडे पुन्हा मोजू, या वेळी सोळा बिटांत. एच आणि एल ही रजिस्टरे जोडीने वापरायची. कोड हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायाच्या अंकांत, असा:

२१ ०० ०० ०१ ४६ ०० ०९ ०९ ०९ ०९ ईएफ ०७ ४५ सी९

पहिले तीन बाइट एचएल जोडीत शून्य ठेवतात. पुढचे तीन बीसी जोडीत ७० ठेवतात. हेक्समध्ये ७० म्हणजे ४६, आणि धाकटा बाइट आधी लिहायचा म्हणून ४६ ००. मग चार वेळा ०९: एचएलमध्ये बीसी मिळव. एक ०९ म्हणजे एक पुडा. ईएफ ही ८०८५च्या पुस्तकातली ‘आरएसटी ५’. प्रोसेसरला ती पत्ता २८ वर पाठवते आणि टीआयने तिथेच आपल्या तयार रूटीनचे दार ठेवले आहे. ०७ ४५ म्हणजे ४५०७, एचएलमधली संख्या पडद्यावर दाखवणारे रूटीन. सी९ म्हणजे परत जा.

हे कॅल्क्युलेटरवर टाकायला संगणकसुद्धा लागत नाही. नवा प्रोग्राम उघडायचा, कॅटलॉगमधून ‘एएसएमप्रोग्रॅम’ हा शब्द पहिल्या ओळीत घ्यायचा, खाली हे अठ्ठावीस हेक्स अंक सलग टंकायचे, आणि मुख्य पडद्यावरून ‘एएसएम’ आज्ञेने तो चालवायचा. २८० दिसते. सी९ विसरलात तर प्रोसेसर पुढच्या मेमरीत जे सापडेल ते आज्ञा समजून चालवत सुटतो; बहुधा यंत्र अडकते आणि रॅममधले सगळे पुसले जाते. म्हणून आधी जपून ठेवण्यासारखे काही असेल तर ते फ्लॅश मेमरीत हलवावे.

यंत्र नसेल तर ८०८५चा मोफत सिम्युलेटर पुरतो. ‘ग्नूसिम ८०८५’ हा श्रीधर रत्नकुमार यांनी सुरू केलेला, साध्या संगणकावर चालणारा. तिथे टीआयचे रूटीन नसते, तेव्हा शेवटचे चार बाइट काढून ७६, म्हणजे ‘एचएलटी’, ठेवायचा आणि रजिस्टरे पाहायची. एचमध्ये ०१, एलमध्ये १८. एचमधला एक म्हणजे २५६, आणि हेक्समधले १८ म्हणजे २४. मघाशी सांडलेले २५६ इथे सापडतात.

माझी तक्रार अभ्यासक्रमावर नाही, तो कसा शिकवला जातो यावर आहे. प्रोग्राम पाठ करून पेपरात उतरवायचा आणि तो कधी चालवायचाच नाही, हा प्रकार फार झाला. धानोऱ्याजवळच्या मेंढा (लेखा) गावाने याहून चांगली पद्धत दाखवली आहे. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या पुढाकाराने तिथे अभ्यासगट चालले. वनहक्कासारखा कायदा लोकांनी एकत्र बसून समजून घेतला आणि २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला. तो कायदा वाचू शकणाऱ्या तालुक्याला ऑपकोडचा, म्हणजे आज्ञा आणि त्यांच्या बाइटांचा, तक्ता जड जाऊ नये. एक छापील तक्ता, एक जुना संगणक आणि चार जण पुरेत.

यंत्र विकत घ्यायचेच असेल तर एक पाहा. टीआय-८४ प्लस सीई हे रंगीत मॉडेल दिसायला देखणे, पण परीक्षेतील गैरप्रकारांचे कारण देऊन कंपनीने २०२० मध्ये त्याच्या नव्या प्रणालीतून असेंब्ली काढून टाकली. शिकायला जुने, काळ्या-पांढऱ्या पडद्याचे टीआय-८४ प्लसच घ्यावे, तेही वापरलेले. आणि सुरुवातीला एक गणित सोडवा: सोळा बिटांत ६५,५३५ पर्यंतच मावते, म्हणजे ९३६ पुडे. पूर्ण गोणीची ७०,००० पाने मोजायला तिसरा बाइट कुठे ठेवाल?