जनुकांवर अंमल कोणाचा?

खरिपात घाटंजी-पांढरकवड्याकडील काळ्या रानांत जी पऱ्हाटी डोलताना दिसते, तिच्या पेशीपेशीत मातीतल्या एका जीवाणूचे जनुक नांदत असते, आणि ते मुळापासून बोंडापर्यंत सर्वत्र जागे राहावे म्हणून त्याच्या शिराशी फुलकोबीवरील एका विषाणूचा नियंत्रक डीएनए-क्रम जोडलेला असतो. (पीक उतारवयाला लागले की ही जाग मंदावते, आणि बोंडअळीचे तेवढेच फावते.) 2002 साली या वाणास सरकारी मंजुरी मिळाली. परंतु त्याच रानात निंदणाला वाकलेल्या मजुरास घोणस डसली, तर सरकारी दवाखान्यात त्याला जे प्रतिविष देतात, त्याचा जन्म नेमक्या उलट शिरस्त्याने झालेला असतो.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांचे विष वाढत्या मात्रेने घोड्यांना टोचून त्यांच्या रक्तात उपजलेली प्रतिपिंडे म्हणजे हे प्रतिविष. आपल्या राज्यात हे काम मुंबईच्या हाफकिन संस्थेने दीर्घकाळ चालविले. आता प्रतिपिंडाचे जनुक घोड्याच्या कातडीत आणि यकृतातही असतेच. मात्र दप्तरात कागद पडून असणे निराळे आणि त्यावर अंमलबजावणीचा शेरा पडणे निराळे. हा शेरा केवळ बी-पेशींत आणि त्यांच्या वंशजांत पडतो.

तो कोठे असतो, हे 1983 साली सुसुमू तोनेगावा आदींच्या प्रयोगशाळांनी उंदरांच्या पेशींत दाखविले. जनुकाच्या पोटात, प्रथिनात कधीही न उतरणाऱ्या मजकुरात, एक ‘एनहान्सर’ दडलेला आढळला. तो उलटा बसविला वा शेकडो अक्षरे दूर सरकविला तरी आपले काम करी, पण लसिकापेशींबाहेर निष्प्रभ ठरे. मौज अशी की प्रतिपिंड-जनुकाच्या प्रत्येक पर्यायी तुकड्यापाशी स्वतःचा दुबळा प्रवर्तक क्रम असतोच. बी-पेशी घडताना मधला डीएनए कापला जाऊन निवडलेला तुकडा त्या एनहान्सरच्या निकट येतो, आणि आजवर अस्पष्ट पुटपुटणारे जनुक एकाएकी मोठ्याने बोलू लागते.

1986 साली रंजन सेन व डेव्हिड बाल्टिमोर यांना प्रतिपिंडाच्या हलक्या साखळीच्या जनुकातील एनहान्सरमधील 10 अक्षरांना बिलगणारे एक प्रथिन सापडले, ते ‘एनएफ-कप्पा-बी’. ते बी-पेशींचेच खास असावे हा समज वर्षभरही टिकला नाही. इतर पेशींतही ते सुप्तावस्थेत, दुसऱ्या प्रथिनाच्या पहाऱ्यात पडून असते आणि संसर्गाची वर्दी येताच सुटून केंद्रकात शिरते, असे पुढे दिसून आले.