भाजी निवडणं हाही अभ्यासच

शाळाप्रवेशाचे दिवस आले की दादर-परळच्या आईबाबांमध्ये एक प्रश्न हमखास निघतो: "तुमचा लिहायला लागला का?" विचारणा साडेतीन वर्षांच्या मुलाबद्दल असते! लवकर पेन्सिल धरली की मूल पुढे जातं, हा या वयाबद्दलचा सगळ्यात चिवट गैरसमज.

मनगटाची छोटी हाडं जन्मतः कूर्चेची असतात आणि एकेक करून कठीण होत जातात. ते काम शाळेत गेल्यावरही बरीच वर्षं चालू राहतं. तीन बोटांत पेन्सिल सहज धरणं बहुतेकांना चार ते सहा वर्षांच्या दरम्यान जमतं. त्याआधी गिरवायला बसवलं की मूल पेन्सिल मुठीत आवळतं, खांद्यापासून हात ताठ करतं आणि कंटाळतं. त्या बोटांना आधी ताकद हवी. मटार सोलायला द्या, मेथी खुडायला द्या, कणकेचा गोळा हातात द्या. गॅलरीत वाळत घातलेल्या रुमालांना चिमटे लावू द्या. चिमटा दाबायला अंगठा आणि तर्जनी लागते, पेन्सिलीलाही तीच लागतात. ताटात रवा पसरून बोटाने रेघा ओढता येतात. ताट हलवलं की पाटी कोरी, खोडरबराची भानगड नाही. मेथी निवडायला दुप्पट वेळ लागेल, हे मात्र आधीच धरून चाला.

दुसरी तक्रार जागेची आणि पैशांची. बीडीडी चाळीतली जुनी खोली १६० चौरस फुटांची, तिथे खेळघर कुठे मांडणार? पण मारिया माँटेसरींचं पहिलं बालगृह १९०७ साली निघालं ते रोमच्या सान लोरेन्झो या कष्टकरी वस्तीत, भाड्याच्या बिऱ्हाडांच्या इमारतीत. म्हणजे चाळीतच म्हणा ना. महागड्या लाकडी साधनांचा दबदबा नंतरचा. दादरला १९३६ मध्ये शिशुविहार सुरू करणाऱ्या ताराबाई मोडकांनीही १९४५ साली बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी काम मांडलं, तेव्हा शिंपले, बिया, पानं, खडे यांनाच साधनं केलं. गिरगावातल्या घरात तेच काम वाटीभर वाल आणि राजमा करतात.

"आमची शंभरपर्यंत आकडे म्हणते" यात पाठांतर आहे, गणित असेलच असं नाही. घरात पाच माणसं, तर ताटं किती, वाट्या किती, हे तिला मांडू द्या. एक वाटी कमी पडली की वजाबाकी तिची तिलाच भेटते. आणि बादलीत सालीसकट संत्रं टाकून बघा, तरंगतं. सोलून टाका, बुडतं. सालीत हवा असते, हे लगेच सांगू नका. आधी तिला तर्क लढवू द्या. उत्तर चुकलं तरी चालेल.

मोबाइलवरचं अॅप 'एज्युकेशनल' आहे म्हणून बघण्याचा वेळ मोजायचा नाही, हाही सोयीस्कर समज. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसाला जास्तीत जास्त एक तास पडद्यासमोर बसावं, त्याहून कमी तर उत्तमच.

घरी मराठीत बोललं तर इंग्रजी शाळेत मूल मागे पडेल, ही भीतीही निराधार आहे. जड-हलकं, आधी-नंतर हे एकदा मराठीत कळलं की इंग्रजीत फक्त शब्द शिकायचे उरतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० सुद्धा शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवा म्हणतं. लालबागहून मसाल्याचं सामान आणलं की डोळे मिटून लवंग, दालचिनी, धणे ओळखायचा खेळ आजीशी मराठीतच रंगतो. मिरची तेवढी डब्यात राहू द्या.

घरातली वस्तू म्हणजे सुरक्षित, हा समज मात्र महागात पडू शकतो. वाल, राजमा, मणी नाकात किंवा घशात अडकतात. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती ते देऊच नयेत, मोठ्यालाही समोर बसूनच द्यावेत. विकतच्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, ते बघून घ्या. रिमोटमधली बटणाएवढी बॅटरी सगळ्यात घातक: गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी काढत बसू नका, तडक परळचं वाडिया बालरुग्णालय किंवा जवळचं मोठं रुग्णालय गाठा.