हळदीचा रंग आणि रेणूंतील संस्पंदन

मुक्या मारावर हळद आणि चुना यांचा लेप लावण्याची रीत परभणी जिल्ह्यातील देवगाव फाट्यासारख्या गावांत जुनी आहे. पिवळी हळद आणि पांढरा चुना एकत्र येताच लेप लाल होतो. हळदीच्या डागाला साबण लागला तरी हाच रंग उमटतो. या नित्याच्या अनुभवामागे रसायनशास्त्रातील ‘संस्पंदन’ ही संकल्पना आहे.

रेणूतील अणू इलेक्ट्रॉनांच्या जोड्यांनी बांधलेले असतात. एका जोडीने एकेरी, तर दोन जोड्यांनी दुहेरी बंध होतो. बेंझीनच्या रेणूत कार्बनच्या सहा अणूंचे वलय असते, असे जर्मन शास्त्रज्ञ केकुले यांनी १८६५ मध्ये मांडले. या वलयात एकेरी व दुहेरी बंध एकाआड एक दाखविले जातात आणि तशा दोन आकृत्या काढता येतात. कार्बन अणूंमधील एकेरी बंधाची लांबी ०.१५४, तर दुहेरी बंधाची ०.१३४ नॅनोमीटर असते. बेंझीनमध्ये मात्र सहाही बंध सारखेच, सुमारे ०.१३९ नॅनोमीटर लांबीचे आढळतात. अमेरिकन शास्त्रज्ञ लायनस पाउलिंग यांनी १९३० नंतरच्या दशकात संस्पंदनाच्या आधारे याचा उलगडा केला.

येथे एक गैरसमज टाळावयास हवा. फाट्यावर आलेली मोटार कधी एका, तर कधी दुसऱ्या रस्त्याने जाते. रेणू मात्र तसा दोन रचनांमध्ये ये-जा करीत नाही. दोन आकृत्या कागदावरच्या होत. खरी रचना एकच असून तीत हे इलेक्ट्रॉन साऱ्या वलयावर पसरलेले असतात. त्यामुळे रेणूला अधिक स्थैर्य लाभते.

हळदीतील कर्क्युमीनच्या रेणूत अशी दोन वलये सात कार्बन अणूंच्या साखळीने जोडलेली असतात. इलेक्ट्रॉनांच्या या विस्तारामुळे तो प्रकाशातील जांभळा-निळा भाग शोषतो आणि हळद पिवळी दिसते. चुना व साबण अल्कधर्मी असल्याने रेणूतील हायड्रोजन काढून घेतात. मागे राहिलेला ऋण विद्युत्‌भार अनेक अणूंवर विभागला जातो. मग रेणू हिरवट प्रकाशही शोषू लागतो आणि रंग लाल होतो. लिंबू पिळताच हायड्रोजन पुन्हा मिळून पिवळेपणा परततो.

शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातील वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हळदीची प्रत ठरविताना कर्क्युमीनचे प्रमाण महत्त्वाचे मानतात. परंतु प्रकाशाने हा रेणू भंग पावतो. म्हणूनच हळदपूड उन्हापासून दूर, कोरड्या जागी व बंद डब्यात ठेवणे हिताचे होय.