दुसऱ्याच्या स्वर्गाचा घोर

वऱ्हाडात 1899-1900 चा दुष्काळ पडला, त्या काळात ‘ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स’ हे अमेरिकन मिशन खामगावात मुलींचे अनाथालय चालवत होते. मुलांचे अकोल्यात होते. परक्या मुलखात येऊन उपाशी पोरे सांभाळणारी ही माणसे स्वर्गाच्या आशेने राबत होती का?

त्यांचा धर्मविचार पाहिला तर तसे म्हणता येत नाही. स्वर्ग कमवायचा नसतो, तो श्रद्धेने, देवाच्या कृपेने मिळतो, हा प्रॉटेस्टंट शिकवणीचा गाभा. (कॅथलिक चर्च मात्र कृपेच्या बळावर केलेल्या सत्कर्मालाही फळ मानते.) मग चांगले का वागायचे? प्रॉटेस्टंट पंथाचा प्रवर्तक लूथर म्हणे, कृतज्ञतेपोटी. अलायन्सचे संस्थापक ए. बी. सिम्प्सन यांना आणखी एक घाई होती : सुवार्ता सर्व राष्ट्रांत पोचली की ख्रिस्त परत येणार. म्हणजे खामगावला उतरणाऱ्या मिशनऱ्याला स्वतःच्या स्वर्गाची चिंता उरलेली नसे. घोर असे तो दुसऱ्यांच्या स्वर्गाचा.

मला धोका इथेच दिसतो. भाकरी वाढताना खाणाऱ्याच्या आत्म्यावरही डोळा असला, तर ती भाकरी निखळ राहत नाही. ‘पोटासाठी बाटले’ हा टोमणा मात्र मिशनला नव्हे, दुष्काळातून वाचलेल्यांना मारला गेला. तो अन्याय आहे. भुकेने दार ठोठावणे हा गुन्हा नव्हे.

याच मिशनच्या जेनी फुलर यांचे ‘द राँग्ज ऑफ इंडियन वुमनहुड’ 1900 मध्ये निघाले, प्रस्तावना पंडिता रमाबाईंची. विषय परलोक नव्हे. बालविवाह आणि विधवांचे हाल. फुलरबाई त्याच वर्षी वारल्या.

मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या 25व्या अध्यायात न्यायाच्या दिवशी जे धन्य ठरतात, त्यांना भुकेल्यांच्या रूपाने आपण ख्रिस्तालाच जेवू घातले हे ठाऊकच नसते. बक्षिसावर नजर ठेवणाऱ्याला ही गोष्ट अडचणीची आहे. अझीम शरीफ आणि मिके रेमतुल्ला यांनी 2012 मध्ये 67 देशांची आकडेवारी तपासली, तेव्हा नरकावरचा विश्वास जिथे जास्त तिथे गुन्हे कमी, आणि स्वर्गावरचा जास्त तिथे गुन्हेही जास्त, असे दिसले. हा नुसता सहसंबंध आहे, कारण नव्हे. तरी स्वर्गाच्या आशेने माणूस सुधारतो, असे बेधडक सांगणाऱ्याने तो अभ्यास वाचावा.

शेगावहून पंढरीची वाट धरणाऱ्याला स्वर्गाच्या आशेचा हा पेच नवा नाही. तुकोबांनी मुक्ती नाकारून पुन्हा जन्म मागितला, तो संतसंगासाठी. रेव्हरंड नारायण वामन टिळक तुकोबांच्याच पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे सांगत. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी 1917 मध्ये मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ उभारायला घेतला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती.