गिअर ओढणारी तार, गिअर ढकलणारी मोटर

अमेरिकेच्या कॅन्सस राज्यात एम्पोरिया नावाचे छोटे शहर आहे. त्याच्या भोवतालच्या फ्लिंट हिल्स या टेकड्यांत चकमकीचा दगड इतका, की तिथे नांगर चालला नाही. त्यामुळे गवताळ रान शाबूत राहिले आणि त्यातून जाणारे रस्ते खडीचेच राहिले. या रस्त्यांवर 2006 पासून 200 मैलांची, म्हणजे सुमारे 320 किलोमीटरची सायकल शर्यत होते. ‘अनबाउंड ग्रॅव्हल’ हे तिचे आजचे नाव. 2023 साली शर्यतीच्या तोंडावर पाऊस झाला आणि सुरुवातीच्याच एका टप्प्यात रस्त्याचा असा राडा झाला, की भल्याभल्यांना सायकल खांद्यावर घेऊन चालावे लागले. जाणकार मंडळी तिथे खिशात रंग ढवळायची लाकडी पट्टी ठेवतात, चिखल खरवडायला. ज्यांनी जोर लावून पेडल मारत राहायचे ठरवले, त्यांच्यातल्या अनेकांचे मागचे डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारे भाग, चिखल आणि गवताने भरले, वाकले, स्पोकमध्ये गेले आणि मोडले. त्यांत तारेवर चालणारे होते तसे बॅटरीवर चालणारेही होते.

ग्रॅव्हल सायकल घेताना गिअर मेकॅनिकल घ्यावेत की इलेक्ट्रॉनिक, या प्रश्नावर तासन्‌तास वाद चालतात. कोणता गिअर जास्त झटकन पडतो, कोणता हलका, कोणता आधुनिक, अशी तुलना होते. माझ्या मते ही तुलना दुय्यम आहे. दोन्ही व्यवस्था चालू असतात तेव्हा उत्तम चालतात. फरक पडतो त्या बिघडतात तेव्हा. बिघाड कसा होतो, तो आधी कळतो का, आणि त्या क्षणी तुम्ही दुकानापासून किती लांब असता, यावर निवड व्हायला हवी.

ग्रॅव्हल सायकल दिसायला रोड बाईकसारखीच. हँडल खाली वळलेले, पण टायर जाड, बहुधा 40 मिलिमीटरच्या पुढचे, ब्रेक डिस्कचे आणि गिअर चढासाठी बरेच हलके. डांबर संपले तरी थांबू नये, हा तिचा हेतू. आणि डांबर संपले की सगळ्यात जास्त मार खातो तो मागच्या चाकाशी जमिनीपासून वीतभर उंचीवर लोंबणारा डिरेलर.

या यंत्राला शंभरावर वर्षांचा इतिहास आहे आणि त्यातल्या काही सुधारणा आधी हेटाळल्या गेल्या. फ्रान्समधल्या सेंत-एतिएन गावचे पॉल द व्हिव्ही, टोपणनाव ‘व्हेलोसिओ’, यांनी आपल्या ‘ल सिक्लिस्त’ मासिकातून बहुगिअरी सायकलचा हिरिरीने पुरस्कार केला. उलट टूर द फ्रान्सचे संस्थापक आंरी देग्रांज यांना गिअर म्हणजे म्हाताऱ्याकोताऱ्यांची सोय वाटे. टूरमध्ये डिरेलरला सरसकट मोकळीक मिळाली ती थेट 1937 साली. पुढे इटलीत तुल्लिओ काम्पान्योलो यांच्या कारखान्याने 1950 च्या सुमारास तारेने ओढला जाणारा, समांतरभुज चौकटीचा ‘ग्रान स्पोर्ट’ काढला. आजचा डिरेलर त्याच वंशातला. 1980 च्या दशकाच्या मध्यावर शिमानो कंपनीने एका ‘टक्’ला नेमका एक गिअर पडेल अशी व्यवस्था आणली आणि 1990 मध्ये गिअरचा खटका ब्रेकच्या दांडीतच बसवला.

विजेचा प्रयोगही वाटतो तितका नवा नाही. फ्रेंच कंपनी मॅव्हिकने 1990 च्या दशकाच्या सुरुवातीलाच ‘झॅप’ हा इलेक्ट्रॉनिक डिरेलर शर्यतीत उतरवला आणि 1999 मध्ये बिनतारी ‘मेक्ट्रॉनिक’. दोन्ही टिकले नाहीत. पावसापाण्यात दगा देतात अशी त्यांची ख्याती झाली. 2009 मध्ये शिमानोची ‘डीआय-टू’ बाजारात आली आणि विजेच्या गिअरवर स्वारांचा भरवसा बसला. 2015 मध्ये अमेरिकन कंपनी स्रॅमने ‘ई-टॅप’ आणून वायरही काढून टाकली. ग्रॅव्हलचा जोर वाढला तशी शिमानोने 2019 मध्ये ‘जीआरएक्स’ ही खास ग्रॅव्हलची मालिका काढली, एकाच नावाखाली तारेची आणि विजेचीही. पुढच्याच वर्षी काम्पान्योलोने ‘एकार’ हा 13 गिअरचा संच आणला, तो मात्र निव्वळ तारेचा. सगळा बाजार विजेकडे वळत असताना एका जुन्या कारखान्याने खडीच्या रस्त्यासाठी तार निवडली, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आता तार जवळून पाहू. गिअरची इनर केबल 1.2 मिलिमीटर जाडीची, 19 बारीक तारांना पीळ देऊन केलेली. तिचे गोल डोके शिफ्टरच्या, म्हणजे हँडलवरच्या खटक्याच्या, पोटात अडकवलेले असते आणि दुसरे टोक डिरेलरला बोल्टखाली आवळलेले. तुम्ही खटका दाबता, तार दोन-तीन मिलिमीटर ओढली जाते, डिरेलर आत सरकतो आणि चेन मोठ्या चक्रावर चढते. उलट दिशेला हात काहीच ओढत नाही. शिफ्टर तार सैल सोडतो आणि डिरेलरमधली स्प्रिंग त्याला बाहेर खेचते.

या व्यवस्थेचे पहिले दुखणे इथेच आहे. मागच्या चाकापाशी आउटरचा, म्हणजे तारेवरच्या नळीचा, जो शेवटचा वळसा असतो, त्यात धूळ आणि पाणी शिरते. तार चरचरू लागते. हाताला जोर आहे, त्यामुळे मोठ्या चक्रावर चेन व्यवस्थित जाते, पण स्प्रिंगचा जोर बेताचा, म्हणून लहान चक्रावर उतरताना ती रेंगाळते. असे झाले की बहुतेक जण डिरेलरचे स्क्रू पिळत बसतात. खरे तर शेवटचा हातभर आउटर आणि आतली तार बदलली की काम होते. पूर्वी हे एवढे जाणवत नसे. 8 गिअरच्या कॅसेटमध्ये, म्हणजे मागच्या चक्रांच्या संचात, दोन चक्रांतले अंतर 4.8 मिलिमीटर असे, 12 गिअरमध्ये ते साडेतीनच्या आसपास आले आहे. तारेने थोडी जरी कुचराई केली तरी चेन दोन चक्रांच्या मध्ये घुटमळते.

दुसरे दुखणे शिफ्टरच्या पोटात. डोक्याजवळ तार सारखी वाकते आणि सरळ होते, त्यामुळे 19 पैकी एकेक धागा तुटत जातो. गिअर पुन्हा पुन्हा बिनसतो आहे, तारेचा ताण कमीजास्त करणारा बॅरल अ‍ॅडजस्टर दर राईडला थोडा फिरवावा लागतो आहे, तर तार ताणली जात नसून तुटत आली आहे असे समजावे. त्याच दिवशी बदलली तर खर्च किरकोळ. दुर्लक्ष केले तर तुटलेले धागे शिफ्टरच्या दात्यांत अडकतात आणि चिमट्याने काढताना नाकी नऊ येतात.

तार वाटेत तुटलीच तर स्प्रिंग चेनला सगळ्यात लहान चक्रावर, म्हणजे सगळ्यात जड गिअरवर नेऊन बसवते. समोर घाट असेल तर पंचाईत. पण इलाज आहे. डिरेलरची बाहेरची मर्यादा ठरवणारा ‘एच’ स्क्रू आत पिळत नेला की डिरेलर एक-दोन चक्रे आत ढकलला जातो. नाहीतर तुटलेल्या तारेचे उरलेले टोक ओढून फ्रेमवरच्या बाटलीच्या स्टँडच्या बोल्टखाली आवळायचे. मधला एक गिअर कायमचा मिळतो आणि घर गाठता येते. एक छोटा स्क्रू-ड्रायव्हर आणि अ‍ॅलन की एवढ्यावर हे जमते, ही तारेची खरी श्रीमंती.

विजेच्या गिअरने यातले तारेचे दुखणेच उपटून टाकले. शिफ्टरमध्ये बटण, डिरेलरमध्ये छोटी मोटर. मोटर दोन्ही दिशांना सारख्याच जोराने ढकलते. तार नाही म्हणून चरचर नाही, ताण नाही, दर पावसाळ्यानंतरची डागडुजी नाही. एकदा बसवलेला गिअर महिनोन्‌महिने हलत नाही. खडबडीत उतारावर हँडल घट्ट धरलेले असताना लांब खटका दाबण्यापेक्षा बटण दाबणे सोपे, आणि ज्यांचे तळहात लहान किंवा बोटे दुखरी आहेत त्यांच्यासाठी तर ही चैन नव्हे, गरज आहे. शेकडो किलोमीटर चालवल्यावर हाताच्या बोटांना मुंग्या येऊन जोर जातो, हे ब्रेव्हे, म्हणजे ठरावीक मुदतीत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राईड, करणाऱ्यांना ठाऊक आहे. अशा वेळी पुढची चेनरिंग, म्हणजे पेडलपाशीचे चक्र, बदलण्याचा मेकॅनिकल खटका नकोसा होतो.

बॅटरीची भीती मात्र थोडी अवास्तव आहे. शिमानोच्या अंदाजाने एका चार्जवर सुमारे 1000 किलोमीटर होतात. स्रॅम एका बॅटरीला 60 तासांची राईड सांगते. म्हणजे 40 तासांच्या मुदतीची 600 किलोमीटरची ब्रेव्हे सहज निघते. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसच्या 1200 किलोमीटरला किंवा कॅनडापासून मेक्सिकोच्या सीमेपर्यंत जाणाऱ्या, 4000 किलोमीटरहून लांब अशा टूर डिव्हाइडला मात्र नियोजन लागते. स्रॅमची बॅटरी काडेपेटीहून लहान आणि जेमतेम 25 ग्रॅमची, त्यामुळे एक जादा खिशात ठेवता येते. पुढेही डिरेलर असेल तर तिथली बॅटरी काढून मागे लावता येते; एकच चेनरिंग असलेल्या सायकलला ती सोय नाही. शिमानोची बॅटरी बहुधा सीटपोस्टच्या आत दडलेली असते. ती संपत आली की आधी पुढचा डिरेलर थांबतो, मग मागचा. थांबतो तो आहे त्या गिअरवर, जड गिअरवर जाऊन बसत नाही, हे त्यातल्या त्यात बरे. बहुतेक फजिती बॅटरी कमी पडल्याने होत नाही, विसरल्याने होते: कुणी चार्ज करायला विसरतो, कुणी शिफ्टरमधला नाण्याएवढा सेल बदलायला, कुणी गाडीच्या कॅरिअरवर सायकल लावताना स्रॅमची बॅटरी काढून ठेवायला. हादऱ्यांनी ती यंत्रणा जागी राहते आणि पोचेपर्यंत चार्ज उतरतो.

खरी अडचण पुढे आहे. दगड लागला, सायकल उजव्या अंगावर पडली, काटकी चाकात गेली तर डिरेलर तारेचा आहे की विजेचा, हे दगड पाहत नाही. डीआय-टूमध्ये धक्का बसताच मोटर सुटी होण्याची सोय आहे, त्यामुळे पुष्कळदा निभावते. स्रॅमने 2024 मध्ये आणलेल्या 13 गिअरच्या ‘रेड एक्सपीएलआर’मध्ये डिरेलर फ्रेमला जोडणारा हँगर हा तुकडाच काढून डिरेलर थेट फ्रेमवर आवळला आहे. तरीही मोडायचा तो मोडतो. मेकॅनिकल डिरेलर मोडला तर त्याच्या जागी शहरातल्या बऱ्या दुकानात काहीतरी जुळणारे सापडते. इलेक्ट्रॉनिकची किंमत साधारण दुप्पट-तिप्पट, कधी त्याहून जास्त, आणि तो नेमका त्याच कंपनीचा, त्याच पिढीचा लागतो. स्रॅमच्या जुन्या 11 गिअरच्या ई-टॅपचे भाग 2019 नंतरच्या 12 गिअरच्या एएक्सएस या बिनतारी संचाशी जुळत नाहीत. तारेला पिढी नसते, तीच 1.2 मिलिमीटरची इनर वीस वर्षांपूर्वीच्या सायकलला चालते आणि आजच्याही.

मात्र मेकॅनिकल म्हणजे सगळे घरी दुरुस्त होणारे, हा भ्रम नको. आजचे ब्रेक-गिअर एकत्र असलेले शिफ्टर आतून घड्याळासारखे गुंतागुंतीचे असतात. बिघडले की बहुधा आख्खे बदलावे लागतात. शिवाय हल्ली अनेक फ्रेममध्ये केबल हँडलमधून, हेडसेटच्या बेअरिंगमधून आत जातात. अशा सायकलवर एक आउटर बदलायला अर्धी सायकल उघडावी लागते आणि तारेचा सोपेपणाचा मुद्दाच संपतो. मेकॅनिकल घ्यायचे तर केबल फ्रेममध्ये कुठून शिरतात हे दुकानातच खाली वाकून पाहा. डाउनट्यूबमधून शिरणाऱ्या किंवा पूर्ण बाहेरून जाणाऱ्या केबल असतील तरच त्या निवडीला अर्थ आहे.

महाराष्ट्रातल्या स्वाराचा विचार केला तर दोन गोष्टी विरुद्ध दिशांना ओढतात. कोकणातली तांबडी माती आणि चार महिन्यांचा पाऊस तारेचा शत्रू. त्या हिशेबाने इलेक्ट्रॉनिक सरस. पण पुणे, मुंबई, नाशिकच्या बाहेर पडले की डीआय-टूची वायर किंवा एएक्सएसचा डिरेलर ठेवणारे दुकान मिळणे कठीण, तर गिअरची इनर तालुक्याच्या गावीही मिळते. मिळाली ती हलक्या प्रतीची असेल, पण सायकल चालेल.

म्हणून माझा कौल असा. पहिली ग्रॅव्हल सायकल घेत असाल, बजेट बेताचे असेल, गावोगाव भटकायचे असेल, तर मेकॅनिकल घ्या: जीआरएक्सचा खालचा संच, स्रॅमचा मेकॅनिकल एपेक्स किंवा मायक्रोशिफ्टचा 10 गिअरचा ‘स्वॉर्ड’. वाचलेल्या पैशांत उत्तम टायर घ्या; खडीवर त्यांचा फरक गिअरपेक्षा आधी कळतो. शर्यती करत असाल, हातांना त्रास असेल, किंवा शहरात राहून शनिवार-रविवारी चालवत असाल आणि मोडल्यास नवा डिरेलर घेण्याची ऐपत असेल, तर इलेक्ट्रॉनिक बेलाशक घ्या, पश्चात्ताप होणार नाही. पैसे ताणून, कर्ज काढून मात्र घेऊ नका.

मेकॅनिकल असेल तर दर पावसाळ्यानंतर मागची इनर आणि शेवटचा आउटर बदला, आणि एक इनर सामानात ठेवा. इलेक्ट्रॉनिक असेल तर जादा बॅटरी किंवा चार्जर आणि शिफ्टरचा एक सेल ठेवा. आणि तुमच्या फ्रेमला हँगर असेल, तर गिअर कोणताही असो, त्याच मापाचा एक जादा हँगर सायकल घेताना त्याच दुकानातून विकत घ्या. नंतर तो शोधायला फार फिरावे लागते.